तेल वाढत जाणारं इंजिन

मी चिकटपणा मोजतो. म्हणजे तीच माझी नोकरी आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी असतो. तळाला बारीक भोक असलेला कप रंगाने काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते लिहायचं. सेकंद जास्त तर रंग जाड, कमी तर पातळ. शिक्षण एमएस्सी फिजिक्स, पहिला वर्ग. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असा कुणाचा समज व्हायला नको. ते ज्ञानातूनच झालं.

आमची गाडी छोटी, पेट्रोलवरची, एकेकाळी चंदेरी. पंधरा वर्षांत तिने एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर कापले. खासगी गाडीला हा आकडा शोभत नाही, पण आमची गाडी नीटशी खासगी कधी नव्हतीच. घाटकोपरला पंतनगरात आमची मैत्री सोसायटी, चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि कित्येक वर्षं चारचाकी एकच, माझ्या बाबांची. बाबा, म्हणजे धोंडिराम, महापालिकेच्या पाणी खात्यात फिटर होते. लोकांना पाणी सोडणं ही त्यांची नोकरी आणि लोकांना ज्याच्या त्याच्या ठिकाणी सोडणं हा छंद. कुणाला राजावाडी इस्पितळात न्यायचंय, कुणाच्या मुलीला परीक्षेला उशीर झालाय, कुणाचा मामा बोचक्यांसकट कुर्ला टर्मिनसला उतरलाय, बाबा किल्ली घेऊन जिना उतरत आणि दार उघडून म्हणत, "बसा." पेट्रोलचं नाव काढलं तर शिवी दिल्यासारखा चेहरा करत.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. पाय थोडा परत आला. बोलणं गेलं, पण सगळं नाही. एक शब्द मागे राहिला. "हो." चहा हवा? हो. नको? हो. पंखा बंद करू? हो. मग राहू दे चालू? हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. आत सगळं कळत असतं, तोंडाशी येतं तेवढं एकच. बोलणं शिकवायला निधी मॅडम दर गुरुवारी यायच्या. केळं, कुलूप, कात्री अशी चित्रं दाखवायच्या. बाबा केळ्याला हो म्हणत, कुलपाला हो म्हणत, कात्रीलाही हो म्हणत.

मग एका रविवारी आईच्या हट्टामुळे मी त्यांना गाडीत माझ्या शेजारी बसवून फिरवायला नेलं. नाक्यावर आलो आणि बाबा म्हणाले, "सिग्नल."

मी इतक्या जोरात ब्रेक मारला की मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाचा उल्लेख केला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पुढच्या दहा महिन्यांत बाबांनी सात शब्द परत मिळवले. सिग्नल, डावीकडे, उजवीकडे, हॉर्न, खड्डा, हळू, बसा. तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह माझ्या वहीत आहेत. सातही गाडीत, गाडी चालत असताना. घरात एकही नाही. रिक्षात बसवून पाहिलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. भाड्याच्या गाडीत पुढे बसवलं तर डावा हात मांडीवर ठेवून परक्या घरच्या पाहुण्यासारखे बसून राहिले. निधी मॅडम मला दारापाशी म्हणाल्या, "काहीही करा, पण ही गाडी बंद पडू देऊ नका."

मार्चच्या सतरा तारखेला गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं होत होती. नोंदणी पुढे न्यायची तर आरटीओची तपासणी हवी. तपासणीला पीयूसी हवी. आणि आमची गाडी मागून निळा धूर सोडत होती.

पीयूसीवाल्याने नळी लावली, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि एखाद्या घरच्या माणसाबद्दल सांगावं तशा आवाजात म्हणाला, "साहेब, ही तेल पिते. तेवढं सोडवा, मग या."

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. इंजिन-तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला तेल थंड असतानाचा, दुसरा तापल्यावरचा. पहिल्या आकड्यानंतरचं डब्ल्यू हे अक्षर विंटरचं, म्हणजे हिवाळ्याचं असतं, आणि आमच्याकडे हिवाळा म्हणजे स्वेटर उन्हात टाकून परत कपाटात ठेवण्याचा कार्यक्रम. आकडा लहान तर तेल पातळ. नव्या इंजिनाला पातळ चालतं. झिजलेल्या इंजिनातल्या फटी रुंदावतात, पातळ तेल त्यातून निसटून जळतं आणि निळा धूर होतो. म्हणून जाड घालतात. पण फार जाड घातलं तर सकाळी ते वर चढायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ लोखंड लोखंडाला घासतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक म्हणत होतं पाच-तीस. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला सिद्धेश म्हणत होता वीस-पन्नास.

"पुस्तकात लिहिलंय," मी म्हणालो.

"पुस्तक गाडी कोरी होती तेव्हाचं आहे रे. तू काय अजून बारशाचं झबलं घालून कामाला जातोस?"

बाबा काय घालत होते ते फक्त बाबांना माहीत. तेल ते स्वतः बदलत, गाडीखाली शिरून, कुणाला हात लावू न देता. म्हणून मी कार्डं केली. एकेका पुठ्ठ्यावर एकेक आकडा, ठळक. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, म्हणजे माझ्या मनातलं उत्तर आवाजात यायला नको.

"बाबा, पाच-तीस?"

"हो."

"दहा-चाळीस?"

"हो."

"वीस-पन्नास?"

"हो."

पडताळा म्हणून मी विचारलं, "खोबरेल?"

"हो," बाबा म्हणाले आणि त्यांनी डावा हात माझ्या गालावर ठेवला. आई आतून म्हणाली, "परीक्षा संपली असेल तर त्यांना जेवायला वाढू का?" तिलाही उत्तर मिळालं.

मग सोसायटी जागी झाली. आमच्या जिन्यात कुणाच्या घरी काय शिजतंय हे लपत नाही, तिथे तेलाचा प्रश्न कसा लपणार? तिसऱ्या मजल्यावरचे दत्ताराम काका गिरणीत ऑइलर होते, म्हणजे पाळीभर साच्यांना, कापडाच्या मागांना, तेल पाजत फिरणं हेच त्यांचं काम. गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली, काका अजून पाळीवर आहेत.

"माका विचार," ते म्हणाले. "मी साच्यांका तेल घालत होतंय तेव्हा तुझो बापूस मुंबैक येवचो होतो. म्हाताऱ्या मशिनीक दाट तेल. दाट म्हणजे धीर."

तळमजल्यावरच्या मालन काकू ब्लाउज शिवतात. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता निकाल दिला. "जाडाने मशीन जड जातं रे, सम्यक. पातळ घाल. माझं पायमशीन बघ, सत्तावीस वर्षं. कुरकूर आहे का?"

मी सांगितलं की पायमशीनमध्ये पेट्रोल जळत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणून तर टिकलंय."

सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर सर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मतभेदच कळेना. "पुस्तकात पाच-तीस आहे ना? मग पाच-तीस. उत्तर मागच्या पानावर छापलंय आणि तुम्ही गणित सोडवत बसलाय." आणि त्याच दमात त्यांनी माझ्या हातात नोटीस ठेवली. नोंदणी संपलेलं वाहन आवारात उभं करता येणार नाही, नियम क्रमांक एकोणीस. "मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "नियम मीच केलाय, पण तेव्हा तुझ्याच बाबांनी अनुमोदन दिलं होतं."

मी प्रयोग करायचा ठरवला. तिन्ही तेलं आणली, तीन मोजपात्रांत भरली, सायकलच्या बेअरिंगमधल्या सारख्या वजनाच्या गोळ्या एकेक करून सोडल्या आणि तळाला पोचायला किती वेळ लागतो ते पाहिलं. थंड तेलात आणि तापवलेल्या तेलात. तापवायला पाण्याची कढई लागते, आणि कढई आईची होती. तीन दिवस आमच्या पोळ्यांना गॅरेजचा वास येत होता. चौथ्या दिवशी आईने ती कढई घासून, पुसून, कागदात बांधून माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली. सत्तावीस वाचनांनंतर निष्कर्ष निघाला. तो असा की दोघांच्या भांडणात सापडलेला माणूस जे करतो तेच करावं, मधलं घ्यावं. दहा-चाळीस.

दोन फेब्रुवारीला सिद्धेशच्या गॅरेजमध्ये जुनं तेल काढून बरोबर साडेतीन लिटर दहा-चाळीस घातलं. त्यानंतर मी रोज सकाळी सात वाजता, इंजिन थंड असताना, गाडी त्याच फरशांवर उभी करून, तेल मोजायची पट्टी तीनदा पुसून तीनदा बुडवून पातळी लिहू लागलो. इंजिन आठवड्याला किती तेल पितं ते कळलं की पुढचं गणित सोपं होतं.

पहिले चार दिवस पातळी थोडी थोडी खाली गेली. शास्त्र सुखावलं. पाचव्या दिवशी ती होती तिथेच राहिली. आठव्या दिवशी वर गेली. मला वाटलं नजरचूक. चष्मा पुसला. दहाव्या दिवशी आणखी वर. पंधराव्या दिवशी पट्टीवरची वरची खूण ओलांडून तेल बोटभर वर होतं.

आमचं इंजिन तेल पीत नव्हतं. ते तेल तयार करत होतं.

माणूस अशा वेळी दोन गोष्टी करू शकतो. कुणाला तरी विचारू शकतो किंवा सिद्धांत मांडू शकतो. मी सिद्धांत मांडला. तेलात पेट्रोल उतरत असलं तर पातळी वाढते. पण मग तेल पातळ व्हायला हवं. मी नमुना बाटलीत घालून प्रयोगशाळेत नेला, जेवणाच्या सुट्टीत कपातून सोडला. धार तुटायला कोऱ्या दहा-चाळीसपेक्षा नऊ सेकंद जास्त लागले. तेल वाढत होतं आणि जाडही होत होतं. पाणी शिरलं म्हणावं तर ताकासारखा रंग यायला हवा होता, तोही नव्हता. मी चार पानं लिहिली आणि सिद्धेशला वाचून दाखवली. तो स्टूलवर बसून पान संपेपर्यंत गंभीर राहिला आणि मग म्हणाला, "यार, नोकरी सोड. या इंजिनाला नळ बसवू आणि तेल विकू."

दुसऱ्या खेपेला पीयूसीवाल्याने आम्हाला येताना पाहूनच मान हलवली. आमच्या मागे धुराचा पडदा होता, लग्नाच्या वरातीत सोडतात तसा. प्रमाणाबाहेर तेल भरलं की ते वर उसळून जळतंच, हे मला पुस्तकातून माहीत होतं. भरत कोण होतं, हे पुस्तकात नव्हतं.

बावीस फेब्रुवारीला, शनिवारी, कारखान्यातली वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. एरवी मी साडेसातला घरी येतो. बाबांचा नेम असा की पाच वाजता आई त्यांना खाली आणून गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसवते आणि मी येऊन फेरी मारेपर्यंत ते तिथेच असतात. त्या दिवशी साडेपाचला मी फाटकातून आत आलो आणि जागीच थांबलो. गाडीचं बॉनेट उघडं होतं. दत्ताराम काका पाण्याच्या बाटलीतून काहीतरी काकवीसारखं इंजिनात ओतत होते.

"धोंडिराम, अजून घालू मा?" त्यांनी काचेतून विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

काकांनी अजून घातलं. फडक्याने काठ पुसला, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला आणि बाजूला झाले. मागे मालन काकू उभ्या होत्या, हातात वाटी. "भाऊ, थोडं मशीनचं तेल घालते हं. काकांनी जाड घातलंय, जरा हलकं होईल."

"हो."

काकूंच्या मागे विद्याधर सर होते. त्यांनी नरसाळं आणलं होतं.

मी ओरडलो. नक्की काय ते आठवत नाही, पण त्यात "वाचन", "नमुना" आणि "वीस दिवस" हे शब्द होते. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू देवळात कुणी चप्पल घालून शिरलंय.

"ओरडतंस कित्याक?" दत्ताराम काका म्हणाले. "चोरी केलंय काय? मालकाक इचारून घातलंय. तो हो म्हणालो."

"काका, ते सगळ्याला हो म्हणतात!"

"माका नाय वाटत," काका म्हणाले. आणि एवढंच बोलून ते बॉनेट हळूच खाली घेऊ लागले.

"सर, तुम्हीसुद्धा? नोटीस तुम्हीच दिलीत ना?"

"नोटीस सेक्रेटरीने दिली," विद्याधर सर म्हणाले. नरसाळं ते पाठीमागे लपवत होते. "तेल माझं आहे. पुस्तकाप्रमाणे, पाच-तीस."

मालन काकूंनी वाटी टपावर ठेवली. "आमच्या ह्यांना दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोण नेत होतं रे? शेवटचं घरी कुणी आणलं? कधी पाण्याचा घोट घेतला नाही माझ्या घरचा. म्हणायचे, मालनबाई, पुढच्या वेळी. आता कुठे पुढची वेळ आली, तर ओतू नको म्हणतोस?"

मी बॅगेतून पातळीचा आलेख काढून दाखवला. तो कुणी पाहिला नाही.

घरी गेलो तर आईला सगळं ठाऊक होतं. "मला वरून दिसतं ना," ती म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तेल घालायच्या निमित्ताने दोन माणसं त्यांच्यापाशी उभी राहतात. घरी कोण येतं रे आता? आले तरी काय बोलायचं ते कुणाला सुचत नाही. खुर्चीत अवघडून बसतात आणि चहा पिऊन जातात. तिथे निदान हात चालू असतात."

मी बॉनेटवर कागद चिकटवला. "कृपया तेल ओतू नये. हुकुमावरून." पुढचे आठ दिवस बाबा पाच ते साडेसात गाडीत एकटे बसले. लोक येता-जाता कागद वाचत, बाबांना हात करत आणि पुढे जात. मालन काकूंनी एकदा खिडकीतून विचारलं, "बरंय ना, भाऊ?" त्या "हो"कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण मी कामात होतो.

काम म्हणजे शुद्धीकरण. गॅरेजमध्ये इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट काढला तेव्हा साडेतीन लिटरच्या जागी पाच लिटर शंभर मिलीलिटर तेल निघालं. त्यात दोन आकडे, गिरणीतला धीर आणि शिवणयंत्राचं तेल सगळं एकत्र होतं. मला ते पाहवेना. माझा हट्ट असा की आता इंजिन आतून धुवायचं. त्यासाठी एक औषध मिळतं, ते घालून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं की वर्षानुवर्षांचा मळ सुटतो.

"नको करू," सिद्धेश म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "पंधरा वर्षांची गाडी आहे. मळच तिला धरून आहे. सुटला की खाली जाऊन तेल ओढायच्या जाळीत बसेल. तेल वर चढणार नाही."

"सुटलेला मळ आपण काढलेल्या तेलाबरोबर बाहेर येईल."

"सगळा नाही येत."

"किती टक्के?"

सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं. टक्के त्याला माहीत नव्हते. मला वाटलं, वाद संपला.

धुतलेल्या इंजिनात कोरं दहा-चाळीस घातलं आणि नऊ मार्चला पीयूसी पास झाली. निळा धूर जवळपास दिसेना. मी ते प्रमाणपत्र चारही मजल्यांवर दाखवून आलो. दत्ताराम काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला परत दिलं. मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता. तो मिळाला नाही, पण मी तेव्हा मोठ्या मनाचा होतो.

बारा मार्चला सकाळी अकराची तपासणी होती. बाबांना शेजारी घेतलं. खरं तर गरज नव्हती, पण गाडी पास होताना त्यांनी पाहावं असं मला वाटत होतं. आम्ही हायवेला लागलो. बाबा खुशीत होते. "सिग्नल," म्हणाले. "हळू," म्हणाले. छेडा नगरच्या अलीकडे त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "तेल."

आठवा शब्द!

"काय म्हणालात? बाबा, परत म्हणा!"

"तेल," बाबा म्हणाले. हात तसाच पुढे धरलेला.

"शाब्बास! परत एकदा!"

"तेल. तेल. बंद."

नववा. दहा महिन्यांत सात आणि एका मिनिटात दोन. मी घड्याळाकडे पाहिलं, दहा वाजून सतरा मिनिटं. वेळ विसरू नये म्हणून मोठ्याने म्हणालो. निधी मॅडमना फोन करायचा, आईला आधी, की दोघींना एकदम, असा विचार करत मी चालवत होतो. बाबा पुन्हा म्हणाले, "बंद." मी म्हणालो, "छान! अगदी स्पष्ट!" मग स्टीलच्या डब्यात चमचे घालून कुणी हलवावा तसा आवाज आला. मग एक ठोका पडला, आणि इंजिनाचं काम संपलं.

गाडी कडेला जाऊन थांबेपर्यंत मी बाबांचं बोट कुठे दाखवतंय ते पाहिलं नव्हतं. मीटरमध्ये एक छोटा लाल दिवा पेटलेला होता. त्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं. तो लागला की जिथे असाल तिथे इंजिन बंद करायचं, हे माझ्या पुस्तकात जाड अक्षरांत आहे.

सिद्धेश पाऊण तासाने टेम्पो घेऊन आला. खाली वाकून पाहिलं, किल्ली फिरवून पाहिली, हात पुसले. "जाळी बसली," तो म्हणाला. "इंजिन जाम." मी विचारलं, खोलून? "खोलून काय? उभी राहील. धावणार नाही." दुसरं इंजिन? "शोधायला महिना. सतरा तारीख सोमवारी आहे."

सिद्धेश टेम्पोतून दोर काढू लागला. मग मी उगाचच म्हणालो, "बाबा कुठलं तेल घालायचे ते कळलं असतं तर."

"धोंडिराम काका डबा बघायचेच नाहीत," सिद्धेश म्हणाला. "माझ्याकडे यायचे, दोन-तीन डबे उघडायचे. बोटावर घेऊन चोळायचे, वास घ्यायचे, मग ठरवायचे. पाण्यातला माणूस ना."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे रे? तू सांगत होतास."

त्याने दोर बांधला. मला स्टिअरिंगवर बसणं भाग होतं. बाबांना टेम्पोत पुढे बसवायचं ठरलं. "काका, टेम्पोत बसता ना?" सिद्धेशने दार उघडून विचारलं. "हो," बाबा म्हणाले आणि डाव्या हाताने सीटचा पट्टा घट्ट धरून ठेवला. सिद्धेशने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. शेवटी त्याने दार लावून घेतलं.

इंजिन बंद असलेल्या गाडीचं स्टिअरिंग लोखंडी होतं आणि ब्रेक दगड. हे मला वाचून माहीत होतं. खांद्यांना माहीत नव्हतं. टेम्पो चार हातांवर, त्यामुळे मला त्याच्या मागच्या फाळक्याशिवाय काही दिसत नव्हतं. बाबांना मात्र डाव्या खिडकीतून पुढचं दिसत होतं. ते काचेबाहेर मान काढून बसले होते.

"हळू," ते म्हणाले. मी ब्रेकवर पाय ठेवला. टेम्पो पुढे सिग्नलला थांबत होता.

"खड्डा." मी उजवीकडे घेतलं.

"दोर." दोर सैल पडून चाकाखाली येत होता. मी मागे राहिलो, तो ताणला गेला.

हा गाडीचा शेवटचा फेरा आहे हे मला कळत होतं, सिद्धेशला कळत होतं. बाबांना कळतंय का, हे विचारून काही उपयोग नव्हता. ते बोलत होते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सगळं नीट ऐकू येत होतं. डावीकडे. रिक्षा. थांब. बस येतेय. जाऊ दे तिला. असं बरंच काही, हायवेपासून पंतनगरच्या नाक्यापर्यंत. त्या दिवसाचं माझ्या वहीतलं पान दहा वाजून सतरा मिनिटांनंतर कोरं आहे. मी मोजत नव्हतो. मला वळायचं होतं.

माझ्या फोननंतर आईने सगळ्यांना सांगितलं असावं. दत्ताराम काका, मालन काकू, विद्याधर सर, वरच्या मजल्यांवरचे आणखी कितीतरी, सगळे सोसायटीच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभे होते. सिद्धेशने टेम्पो आत घेऊन थांबवला. आवाराला थोडा उतार आहे. गाडी आपसूक पुढे सरकू लागली, टेम्पोच्या फाळक्याकडे.

"ब्रेक," बाबा म्हणाले.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.